चार फोटॉन की आठ? ओटो वारबुर्ग, हिरवं पाणी आणि तीस वर्षांचं भांडण

आंबिया बहाराचं संत्रं आणि मृग बहाराचं संत्रं एकाच झाडाचं असलं तरी चवीला सारखं नसतं, हे नागपूरकरांना शिकवावं लागत नाही. फुलोरा कुठल्या महिन्यात आला, फळ पोसताना ऊन किती होतं, पाणी कसं मिळालं, यावर आंबट-गोड ठरतं.

आता त्या झाडाच्या जागी एकच हिरवी पेशी ठेवा. डोळ्यांना न दिसणारी, दाट हिरव्या पाण्याच्या एका थेंबात लाखोंनी मावणारी. तिला मूळ नाही, खोड नाही, साल नाही. चारही बाजूंनी पाणी. त्यामुळे बाहेर काही बदललं की आतलं गणित लगेच बदलतं. अशा जीवांना सूक्ष्म शैवाल म्हणतात. संत्र्याची चव बदलायला हंगाम लागतो, इथे काही दिवस पुरतात. तेवढ्यात पेशीतलं प्रोटीन कमी होऊन फॅट वाढू शकतं, हिरवा रंग पिवळट होऊ शकतो.

या पेशीला प्रयोगशाळेत मोजमापाच्या टेबलावर आणून बसवणारा माणूस म्हणजे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग. कॅन्सरवर थोडंफार वाचलेल्यांनी त्यांचं नाव ऐकलं असेल. १९३१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांचं. पण आयुष्यातलं सगळ्यात लांबलेलं भांडण ते शेवाळावरून भांडले, आणि तेही स्वतःच्याच विद्यार्थ्याशी. भांडणाचा मुद्दा ऐकायला साधा आहे: तुम्ही तुमचं शेवाळ नीट वाढवलं नाही.

घरातच फिजिक्स

ओटो यांचा जन्म ८ ऑक्टोबर १८८३ चा, फ्रायबुर्गचा. वडील एमिल वारबुर्ग हे त्या काळातले नावाजलेले भौतिकशास्त्रज्ञ. पुढे कुटुंब बर्लिनला आलं आणि घरी प्लांक, आइनस्टाइन, एमिल फिशर अशा लोकांची ऊठबस सुरू झाली. वडिलांच्या कामाचा एक भाग इथे महत्त्वाचा आहे. प्रकाश सलग धारेसारखा नसून पुडक्यांसारखा, म्हणजे फोटॉनच्या रूपात येतो आणि एक फोटॉन एका रेणूवर काम करतो, ही आइनस्टाइन यांची कल्पना एमिल प्रयोगाने तपासत होते. कुठल्या रासायनिक क्रियेला किती फोटॉन लागले, हे मोजण्याची सवय मुलाला घरातूनच मिळाली.

ओटो यांनी १९०६ मध्ये फिशर यांच्याकडे केमिस्ट्रीत डॉक्टरेट केली. मग १९११ मध्ये हायडेलबर्गहून वैद्यकाची पदवी घेतली. दरम्यान नेपल्सच्या समुद्रकिनारी जाऊन समुद्री अर्चिनच्या अंड्यांचा श्वास मोजला. फलन झाल्यावर अंडं किती जास्त ऑक्सिजन ओढतं, हा प्रश्न होता. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते घोडदळात गेले आणि तिथे रमलेही. १९१८ मध्ये आइनस्टाइन यांनी त्यांना पत्र लिहून परत येण्याचा आग्रह केला, कारण तुमच्यासारखा माणूस आघाडीवर वाया जातोय. ते परतले. घोडेस्वारीची सवय मात्र म्हातारपणापर्यंत सुटली नाही.

परतल्यावर लगेच, १९१९ मध्ये, त्यांनी क्लोरेला हे शेवाळ हाती घेतलं. ते शुद्ध रूपात वेगळं काढलं होतं डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी, १८९० मध्ये. तोपर्यंत प्रकाशसंश्लेषणाचा अभ्यास पानांवर व्हायचा. पानात शिरा असतात, हवेची छिद्रं असतात, वरची बाजू वेगळी, खालची वेगळी. क्लोरेलात यातलं काही नाही. गोल पेशी, काचेच्या भांड्यात दाट वाढवा, ढवळा, आणि प्रत्येक थेंब दुसऱ्यासारखा.

मोजायचं कसं? छोट्या बंद भांड्यात हिरवं पाणी, भांडं एका तापमानाच्या पाण्यात सतत हलत ठेवलेलं आणि त्याला जोडलेली काचेची बारीक वाकडी नळी. आत वायू तयार झाला की नळीतला द्रव सरकतो. या उपकरणाला पुढे वारबुर्ग मॅनोमीटर हेच नाव पडलं. कित्येक दशकं जगभरच्या बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ते लागायचंच.

१९२० मध्ये वारबुर्ग आणि त्यांचे सहकारी एर्विन नेगेलाइन यांना एक गोष्ट दिसली. क्लोरेलाला नायट्रेट दिलं आणि प्रकाशात ठेवलं तर ती नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन सोडते. कारण प्रकाशाची काही ताकद ती कार्बन डायऑक्साइडऐवजी नायट्रेटवर खर्च करते. नायट्रोजनचं प्रोटीन करायचं असतं ना! म्हणजे पेशी काय खातेय आणि तिच्या आत काय तयार होतंय, यावर बाहेर येणाऱ्या वायूंचं प्रमाण ठरतं. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या भांडणाची मुळी इथे आहे.

चारचा आकडा

१९२२-२३ मध्ये दोघांनी मोठा दावा केला. ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला फक्त ४ फोटॉन लागतात. याचा अर्थ, लाल प्रकाशातल्या ऊर्जेचा साधारण दोन तृतीयांश भाग शेवाळ साठवून ठेवतं. माणसाने तोवर बनवलेलं कुठलंही इंजिन एवढं कार्यक्षम नव्हतं. निसर्ग इतका चोख असणार, यावर वारबुर्ग यांचा मनापासून विश्वास बसला. मला वाटतं, गडबड तिथूनच सुरू झाली. आकडा मोजून मिळाला होता, पण तो आवडलाही होता.

त्याच सुमाराला त्यांचं दुसरं मोठं काम चालू होतं. कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोज आंबवतात आणि भरपूर लॅक्टिक ॲसिड करतात, हे त्यांनी दाखवलं. आज पेट स्कॅनमध्ये गाठ उजळून दिसते ती याच ग्लुकोजच्या भुकेमुळे. नोबेल मात्र मिळालं श्वसनाच्या एन्झाइमसाठी, पेशीत ऑक्सिजन पकडणाऱ्या लोहयुक्त एन्झाइमच्या शोधासाठी. (त्या साखळीतली सायटोक्रोम सी ही कडी वनस्पतींच्या पेशींतही असते, हे केंब्रिजमध्ये दाखवलं ते आपल्या कमला भागवत, म्हणजे लग्नानंतरच्या कमला सोहोनी यांनी. त्यांची डॉक्टरेट १९३९ ची.)

१९३१ मध्ये बर्लिनच्या डालेम भागात रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून वारबुर्ग यांची स्वतंत्र संस्था उभी राहिली. बाहेरून एखाद्या जमीनदाराच्या जुन्या वाड्यासारखी. दोन वर्षांत हिटलर आला. वारबुर्ग यांचे वडील जन्माने ज्यू. सहकारी, मित्र देश सोडत होते. हे गेले नाहीत. १९४१ मध्ये त्यांना पदावरून काढलं आणि काही आठवड्यांत परतही घेतलं, कॅन्सरवर संशोधन करायचं या अटीवर. बॉम्बहल्ले वाढल्यावर १९४३ मध्ये संस्था बर्लिनच्या उत्तरेला लीबेनबर्गला हलवली. १९४५ मध्ये रशियन सैन्य आलं आणि उपकरणं उचलून घेऊन गेलं. लॅब वाचावी म्हणून हा माणूस थांबला, आणि शेवटी लॅबच गेली. त्या राजवटीत राहून काम करत राहण्याचा त्यांचा निर्णय अनेकांना पटला नाही, आणि तो पटावा अशी सोय इतिहासात कुठे सापडतही नाही.

विद्यार्थी

रॉबर्ट इमर्सन हा अमेरिकन तरुण १९२० च्या दशकात जर्मनीत शिकायला आला. त्याला म्युनिकमध्ये विलश्टेटर यांच्याकडे काम करायचं होतं. पण विद्यापीठातल्या ज्यूद्वेषाचा निषेध म्हणून विलश्टेटर यांनी नुकताच राजीनामा दिला होता. मग तो बर्लिनला वारबुर्ग यांच्याकडे गेला आणि १९२७ मध्ये डॉक्टरेट घेतली. मॅनोमीटर कसा वापरायचा, क्लोरेला कशी वाढवायची, हे सगळं गुरूकडून शिकलेलं.

१९३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या गटाला चारपेक्षा बरेच मोठे आकडे मिळू लागले. इमर्सन तेव्हा कॅलिफोर्नियात होते. चार्लटन लुईस या सहकाऱ्याबरोबर त्यांनी गुरूचा प्रयोग पुन्हा केला. सुरुवातीला चारच्या जवळचे आकडे आले. पण बारकाईने पाहिल्यावर गोम दिसली. अंधारातून प्रकाशात आणल्यावर पहिल्या काही मिनिटांत शेवाळ कार्बन डायऑक्साइडचा एक झोत सोडतं. मॅनोमीटरला वायू कळतो, वायूची जात कळत नाही. तो झोत ऑक्सिजन समजून मोजला की आकडा सुंदर येतो. झोत वगळला की ८ ते १२ फोटॉन लागतात.

आठ म्हणजे कार्यक्षमता थेट निम्मी. हा फरक अभ्यासकांपुरता नव्हता. युद्ध संपताना जगाच्या भुकेची चिंता होती आणि शेवाळाची शेती हा त्यावरचा उपाय म्हणून बोलला जात होता. एका चौरस मीटरवर पडणाऱ्या उन्हातून जास्तीत जास्त किती अन्न निघू शकतं, याची वरची मर्यादा या एका आकड्यावर ठरणार होती.

१९४८ मध्ये इमर्सन यांनी गुरूंना इलिनॉयमधल्या अर्बाना इथे आपल्या लॅबमध्ये बोलावलं. दोघांनी एकत्र बसायचं, एकाच टेबलावर मोजायचं आणि प्रकरण मिटवायचं. वारबुर्ग ६४ वर्षांचे, लॅब गमावलेले. इमर्सन आदराने वागणारे, पण आकड्याबाबत हट्टी. काही महिने गेले. मिटलं काहीच नाही, उलट संबंध बिघडले. वारबुर्ग यांचं म्हणणं, इथलं शेवाळच बरोबर वाढवलेलं नाही. प्रकाश चुकीचा, भांड्यातला कार्बन डायऑक्साइड कमी. इमर्सन एकेक अट पाळून पाहत गेले आणि आकडा आठच्या खाली यायला तयार नव्हता. वारबुर्ग तिथून वॉशिंग्टनजवळ बेथेस्डाला डीन बर्क यांच्याकडे गेले. तिथे आकडा पुन्हा चारच्या आसपास आला. पुढे तर जवळजवळ शंभर टक्के कार्यक्षमतेचा दावाही झाला.

मुद्दा खरा होता

गंमत अशी की, शेवाळ कसं वाढवलं यावर सगळं ठरतं हा वारबुर्ग यांचा मूळ मुद्दा खोटा नव्हता. त्याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा नेमका त्याच काळात, १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो वारबुर्ग यांचा नव्हता.

कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला कार्नेगी संस्थेच्या लॅबमध्ये स्पोर आणि मिलनर हे दोघे क्लोरेला वेगवेगळ्या परिस्थितीत वाढवत होते. कुठे प्रकाश कमी, कुठे जास्त. कुठे नायट्रोजन भरपूर, कुठे संपत आलेला. मग पेशी वाळवून त्यांचं रासायनिक विश्लेषण करायचं आणि त्यावरून आतल्या घटकांचं प्रमाण काढायचं. क्लोरेला तीच. पण फॅटसारख्या पदार्थांचं प्रमाण कमीत कमी साडेचार टक्के आणि जास्तीत जास्त ८५ टक्क्यांवर निघालं. प्रोटीन एका टोकाला ५८ टक्के, दुसऱ्या टोकाला ९ च्याही खाली.

असं का होतं, हे समजायला अवघड नाही. प्रोटीनसाठी नायट्रोजन लागतो. तो पाण्यात असेपर्यंत पेशी प्रोटीन करते, मोठी होते, विभागते. नायट्रोजन संपला तरी ऊन थांबत नाही, कार्बन येतच राहतो. प्रोटीन करता येत नाही, विभागता येत नाही, मग आलेला कार्बन ती फॅट किंवा पिठूळ पदार्थ म्हणून कोठारात टाकते. हरितद्रव्यातही नायट्रोजन असतो, म्हणून तेही मोडायला लागतं आणि पाणी पिवळट दिसतं. याची किंमत वाढीत मोजावी लागते. फॅट जास्त पण पीक थोडं. शेवाळापासून बायोडिझेल काढायच्या कित्येक योजना याच जागी अडकल्या.

प्रकाशाचंही तसंच. अंधूक उजेडात वाढलेली पेशी हरितद्रव्य वाढवते, गडद हिरवी होते. भगभगीत उन्हात तीच पेशी हरितद्रव्य कमी करते. ड्युनालिएला हे खारट पाण्यातलं शेवाळ तर जास्त मीठ, कडक ऊन आणि उपासमार एकत्र आली की नारिंगी होतं, कारण ते बीटा कॅरोटीन साठवतं. थंडीत वाढलेल्या पेशींच्या पडद्यांत असंतृप्त फॅट जास्त, म्हणजे थंडीतही न गोठणारं.

मेडिकल स्टोअरमधल्या स्पिरुलिनाच्या बाटलीवर प्रोटीन साठ टक्क्यांच्या आसपास लिहिलेलं असतं, तेही याच नजरेने वाचायला हवं. (शास्त्रीयदृष्ट्या स्पिरुलिना जिवाणू आहे, पण बाजारात शेवाळच म्हणतात.) साठ टक्के येऊ शकतात, खत-पाणी-ऊन जमलं तर. नायट्रोजन कमी पडला की ती आधी आपला निळा रंग, फायकोसायनिन, मोडून खाते आणि कर्बोदकं वाढतात. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत तापलेली टाकी आणि डिसेंबरच्या गार रात्रीतली टाकी एकच माल देणार नाही.

विदर्भात याचं नैसर्गिक उदाहरण पाहायचं तर लोणार. तिथल्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात स्पिरुलिना आपोआप वाढते, पाणी हिरवं असतं. जून २०२० मध्ये तेच सरोवर गुलाबी झालं. नमुने नागपूरच्या नीरीकडे आणि पुण्याच्या आघारकर संस्थेकडे तपासायला गेले. पाणी घटून खारटपणा वाढल्यावर मीठ आवडणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव फोफावले आणि त्यांचा रंग पाण्यावर चढला, असं समोर आलं. तिथे पेशीच्या आतलं बदलण्याऐवजी राहणारी मंडळीच बदलली. पण हुकूम पाण्याचाच.

नीरीचं नाव आलंच आहे तर एवढं सांगायला हवं. १९५८ मध्ये ही संस्था नागपुरात सुरू झाली तेव्हा तिचं नाव वेगळं होतं, काम मुख्यतः पाणी आणि सांडपाण्याचं. तिथल्या अभ्यासाचा एक मोठा विषय होता उथळ तळ्यांत सांडपाणी साठवून शुद्ध करणं. या तळ्यांत जिवाणू घाण कुजवतात आणि त्यांना लागणारा ऑक्सिजन शेवाळ पुरवतं. भरपूर ऊन असलेल्या देशाला परवडणारी पद्धत. वारबुर्ग जी क्रिया काचेच्या छोट्या भांड्यात मोजत होते, तीच इथे तळ्याच्या मापात कामाला लावलेली.

शेवट कसा झाला

परिस्थितीनुसार पेशी बदलते, ही गोष्ट वारबुर्ग यांनी कारण म्हणून वापरण्याऐवजी पळवाट म्हणून वापरली, असं माझं मत आहे. दुसऱ्या कुणाला आठ मिळाले की त्याचं शेवाळ वाईट. अट पाळून पुन्हा आठ आले की आणखी एक अट. अशाने कुणीच कधी त्यांना चुकीचं ठरवू शकलं नसतं. शेवाळ चांगलं की वाईट, हे ठरवायला त्यांच्याकडे उरलेली एकच कसोटी होती: चार येतात का?

इमर्सन मात्र भांडत असतानाच पुढे गेले. लांब तरंगलांबीच्या गडद लाल प्रकाशात क्लोरेलाची कार्यक्षमता अचानक घसरते, हे त्यांनी १९४३ मध्ये नोंदवलं होतं. १९५७ मध्ये त्यांनी दाखवलं की त्याच वेळी थोड्या आखूड तरंगलांबीचा दुसरा प्रकाश दिला तर दोन्ही मिळून अपेक्षेपेक्षा जास्त काम होतं. यातून प्रकाशसंश्लेषणात एकामागोमाग काम करणाऱ्या दोन यंत्रणा आहेत, हे पुढे उलगडलं. ऑक्सिजनच्या एका रेणूसाठी चार इलेक्ट्रॉन, प्रत्येकाला दोन धक्के. चार दुणे आठ. आकड्याला अखेर कारण मिळालं.

हे चित्र पूर्ण झालेलं इमर्सन यांना पाहता आलं नाही. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी न्यूयॉर्कला उतरताना त्यांचं विमान ईस्ट रिव्हरमध्ये कोसळलं. त्यांच्याकडे तेव्हा अलाहाबादहून आलेलं एक जोडपं पीएचडी करत होतं, गोविंदजी आणि रजनी गोविंदजी. दोघांनी राबिनोविच यांच्या मार्गदर्शनाखाली काम पूर्ण केलं. १९६८ मध्ये रजनी गोविंदजी आणि सहकाऱ्यांनी वारबुर्ग यांच्या अटी शब्दशः पाळल्या. सगळ्या पेशी एकाच वयाच्या, तरुण. कार्बन डायऑक्साइड १० टक्के. म्हणजे शेवाळ नीट वाढवलं नाही असं म्हणायला जागाच नको. उत्तर आठच्या घरात आलं.

वारबुर्ग तेव्हा हयात होते. डालेमची इमारत त्यांना १९५० मध्ये परत मिळाली होती आणि वय ऐंशीच्या पुढे गेलं तरी ते रोज लॅबमध्ये जात. खाण्यापिण्याबाबत त्यांचा कडक नियम होता. रासायनिक खत न घातलेल्या आपल्या बागेतली भाजी, घरी भाजलेला पाव. अन्न कसं वाढवलं यावर ते अन्न काय आहे हे ठरतं, असं ते मानत. १ ऑगस्ट १९७० रोजी बर्लिनमध्ये ८६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. चारचा आकडा त्यांनी मागे घेतला नव्हता.